निंदणी आणि दप्तर : सरकारी हिशेबी कागदांच्या जपणुकीचा प्रश्न

महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत जुने कागद निवडून नष्ट करण्याच्या कामाला 'निंदणीकरण' अशी संज्ञा रूढ आहे. शब्द शेतातून कचेरीत आला हे उघड आहे. मात्र येताना त्याची दिशा उलटी झाली. शेतातील निंदणी कोवळेपणी होते. तण आणि पीक दोन्ही बोटभर असताना पातीवरून भेद ओळखण्याचे ते काम आहे, आणि ज्याला पिकाची पात ठाऊक नाही त्याच्या हाती कोणी खुरपे देत नाही. कचेरीतील निंदणी कागद जून झाल्यावर होते, आणि बहुधा तो कागद ज्याने कधी वाचलेला नाही अशा माणसाच्या हातून होते. तण कशाला म्हणावे हे पीक कोणते घ्यावयाचे ह्यावर ठरते, ही साधी गोष्ट ह्या उलटापालटीत हरवते.

सरकारी पैशाच्या जमाखर्चाचे कागद किती काळ ठेवावेत आणि केव्हा नष्ट करावेत, हा प्रश्न सामान्यतः प्रशासनशास्त्राचा समजला जातो. भाषा व साहित्य ह्यांच्या अभ्यासकाला त्याच्याशी कर्तव्य नाही असा समज आहे. तो खरा नाही. मराठी गद्याचा सतराव्या-अठराव्या शतकांतील फार मोठा भाग हिशेबाच्या निमित्ताने लिहिला गेला आहे, आणि तो आज उपलब्ध आहे तो साहित्यप्रेमामुळे नव्हे, तर कोणाला तरी कोणाचा तरी हिशेब तपासावयाचा होता म्हणून. कागदाचे वय त्याच्या तारखेवरून मोजतात. त्याचे आयुष्य मात्र त्याला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात ह्या विधानाची छाननी पुण्याच्या पेशवे दप्तरापासून बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळीच्या पाहणीवहीपर्यंत करावयाची आहे.

प्रथम आजचे नियम पाहू. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांना हिशेबी कागदांच्या नाशासंबंधी एक परिशिष्ट जोडलेले आहे. त्यानुसार प्रवासभत्त्याचे कागद तीन वर्षे, किंवा लेखापरीक्षण पुरे झाल्यावर एक वर्ष, ह्यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवावयाचे. वेतनदेयकांची नोंदवही पस्तीस वर्षे. महाराष्ट्रातील कचेऱ्यांत अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे : अ म्हणजे कायम, ब तीस वर्षे, क-१ दहा, क पाच आणि ड एक वर्ष. वरवर पाहता हे आकडे कोणा कारकुनाच्या लहरीचे वाटतात. वस्तुतः प्रत्येक आकड्यामागे एका दाव्याचे आयुष्य आहे. पस्तीस वर्षे हा नोकराच्या सेवेचा काळ होय. त्याच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न निकाली निघेपर्यंत त्याला कोणत्या महिन्यात काय मिळाले हे सिद्ध करता आले पाहिजे. प्रवासभत्त्याचे भांडण इतके लांबत नाही. त्याच परिशिष्टातील सर्वांत मार्मिक तरतूद मात्र आकड्यात सांगितलेली नाही : ज्या व्यवहारावर लेखापरीक्षकाचा आक्षेप अनिर्णीत आहे, त्याचा कागद मुदत उलटून गेली तरी नष्ट करावयाचा नाही. म्हणजे नियमालाही हे मान्य आहे की प्रश्न जिवंत असेतो कागद मरत नाही.

अडचण निराळ्या ठिकाणी आहे. नियम कागदांचा विचार जातवारीने करतो. देयके वेगळी, वह्या वेगळ्या, मंजुरीचे आदेश वेगळे. लेखापरीक्षण मात्र कागद जोडीने वाचते. पावती किर्दीशी ताडावयाची, किर्द खतावणीशी, खतावणी ताळेबंदाशी. एका जातीचा कागद मुदत संपल्याने गेला की उरलेली वही एकटी बोलू लागते, आणि एकट्या साक्षीदाराचे खरेखोटे कोणी करावे? हे तत्त्व मराठेशाहीच्या कारभाऱ्यांना आजच्या नियमावलीपेक्षा अधिक स्पष्ट कळले होते असे म्हणण्यास आधार आहे.

मोठ्या परगण्यात किंवा सुभ्यात मामलतदाराबरोबर दरखदार नेमलेले असत : दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस इत्यादी. त्यांची नेमणूक हुजुरातून होई आणि त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलतदाराला नसे. फडणीस दिवसाचे टिपण करी, कागदावर तारीख घाली. दफ्तरदार त्या टिपणावरून खतावणी बांधी व दर महिन्याचा गोषवारा हुजुरास पाठवी. पोतनीस रोकड शिल्लक सांभाळी. हिशेब आणि आज्ञा फडणिसाकडे जाण्यापूर्वी मुजुमदाराच्या नजरेखालून जात. एकाच रुपयाची नोंद अशा रीतीने अनेक हातांच्या अक्षरांत उतरे. मामलतदार लबाड निघाला तरी सर्वांचे संगनमत झाल्यावाचून हिशेब खोटा करणे कठीण, अशी ही रचना होती. ती नेहमीच यशस्वी झाली असे नव्हे. संगनमत होत असेच. परंतु त्यासाठी अधिक माणसे वश करावी लागत, आणि अधिक कागद बिघडवावे लागत.

पुण्याचे हुजूर दप्तर हे ह्या सगळ्याचे शिखर. चालते दप्तर आणि एकबेरीज दप्तर असे त्याचे दोन भाग होते. चालत्या दप्तरात फड, बेहेडा, सरंजाम अशी खाती होती : फडावरून सनदा व आज्ञा निघत आणि रोजकिर्द लिहिली जाई, बेहेड्याकडे मुलुखाचे अंदाज व आकार, सरंजामाकडे लष्करी नेमणुका. एकबेरीज दप्तर पुणे सोडून जात नसे. सर्व खात्यांचे हिशेब तेथे येत. त्यांची वर्गवारी होई. साऱ्या राज्याची जमा, खर्च आणि बाकी दाखविणारे वार्षिक तर्जुमे तयार होत, आणि कोणती बाब कोठे सापडेल हे कळावे म्हणून खतावण्या केल्या जात. 'तर्जुमा' ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ भाषांतर असा आहे. हजारो फुटकळ नोंदींचे एका पानाच्या भाषेत रूपांतर करण्याला पेशवाईतील कारकुनांनी हा शब्द योजावा, ह्यात त्यांची भाषिक जाण दिसते.

हे दप्तर नाना फडणिसाच्या काळी भरभराटीस होते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत त्याची अवकळा झाली, कारकून कमी झाले, कागद ज्याला हवे त्याने न्यावेत अशी स्थिती आली. ह्याचे कारण बाजीरावाच्या स्वभावात शोधण्याची प्रथा आहे. तेवढ्याने भागत नाही. त्याच्या काळी मामलती मक्त्याने देण्याचा प्रघात वाढला. जो अधिक रक्कम कबूल करील त्याला मुलूख लावून द्यावयाचा, आणि त्याने ती रक्कम भरली की पुढे विचारावयाचे नाही. मक्त्याचा आकडा एकदा ठरला की गावोगावच्या आकाराचे, सुटीचे, थकबाकीचे तपशील हुजुरास कशाला हवेत? तपासणी बंद झाली आणि दप्तर सुकले. येथे कोणी कागद जाळले नाहीत, नाशाची यादी केली नाही. केवळ प्रश्न विचारणे थांबले. सरकारी अभिलेखांच्या नाशाचा हा प्रकार सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत कमी नोंदलेला आहे.

१८१८ साली राज्य गेले, आणि प्रश्न पुन्हा सुरू झाले. एल्फिन्स्टनला मुलुखाची जमाबंदी बसवावयाची होती. पूर्वी कोणत्या गावाचा आकार काय होता हे जाणल्यावाचून ते शक्य नव्हते. त्याने मॅक्लाउड ह्या अधिकाऱ्याच्या ताब्यात दप्तर दिले आणि विस्कटलेले रुमाल पुन्हा लावण्याचे काम सुरू झाले. त्याहून मोठे निमित्त पुढे आले ते इनामांच्या चौकशीचे. १८४३ साली दक्षिण मराठा मुलुखात, म्हणजे आजच्या धारवाड-बेळगावच्या टापूत, चौकशी आरंभली गेली, आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. पिढ्यान् पिढ्या उपभोगलेली जमीन सरकारने का सोडावी, हे इनामदाराने कागदाने सिद्ध करावयाचे अशी पाळी आली. ज्यांची सनद वाळवीने खाल्ली, घर जळाले, वडिलांनी काय ठेवले हे ठाऊक नाही, अशा हजारो कुटुंबांवर ह्या चौकशीचा आघात झाला. दक्षिणेतील असंतोषाची जी कारणे १८५७ च्या संदर्भात सांगितली जातात त्यांत इनाम कमिशन अग्रभागी आहे. पुढे १८६३ च्या दुसऱ्या व सातव्या कायद्यांनी सरसकट तडजोड करून प्रकरण आवरते घेण्यात आले.

ह्या कटू प्रकरणाने पेशवे दप्तर वाचविले, ही गोष्ट मान्य करावीच लागते. दावेदाराने पुढे केलेल्या सनदेचा खरेपणा ठरविण्याचे साधन म्हणून सरकारला ते हवे होते. समजा, एखाद्याने १७६० सालची सनद दाखविली. शिक्का बनविता येतो, अक्षराचे वळण गिरविता येते, कागदही जुना मिळविता येतो. पण सनद खरी असेल तर तिची नोंद त्या दिवसाच्या रोजकिर्दीत असली पाहिजे. त्या वर्षीच्या प्रांत आजमासात त्या गावाच्या आकारातून तेवढी रक्कम वजा झालेली दिसली पाहिजे. पुढील वर्षांच्या हिशेबांतही ती वजावट चालू राहिली पाहिजे. एका कागदाची बनावट करणे सोपे, सबंध दप्तराची बनावट करणे अशक्य. हेच बळ दावेदाराच्याही उपयोगी पडे. ज्याची सनद हरवली होती त्याच्या बाजूनेही किर्दीतील नोंद बोलू शकत असे. म्हणून दप्तरातील एखादी जात 'दुय्यम' म्हणून काढून टाकणे म्हणजे उरलेल्या साऱ्या जातींची साक्ष दुबळी करणे होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दप्तरासाठी पुण्यात स्वतंत्र इमारत उभी राहिली, आणि 'एलिएनेशन ऑफिस' ह्या नावाने ते ओळखले जाऊ लागले. हे नावच सांगते की सरकारच्या दृष्टीने ह्या कागदांचा अर्थ एकच होता : सरकारी साऱ्यातून वगळलेल्या जमिनींचा पुरावा. इतिहास हा त्यांचा दुसरा जन्म. गणेश चिमणाजी वाड ह्यांनी केलेले रोजकिर्दींतील वेचे, त्यांवर १९०० साली न्यायमूर्ती रानड्यांनी लिहिलेली प्रस्तावना, आणि १९३० ते १९३४ ह्या काळात गो. स. सरदेसाई ह्यांच्या संपादनाखाली निघालेले पंचेचाळीस खंड, हे ह्या दुसऱ्या जन्माचे टप्पे. दोन संपादनांतील भेद लक्षणीय आहे. सरदेसायांच्या खंडांत मोहिमा आणि मुत्सद्देगिरीची पत्रे बहुसंख्य आहेत. हिशेबाचे रुमाल रुक्ष म्हणून मागे राहिले. रानड्यांचा कल उलट दिशेचा. त्यांना टांकसाळ, जकात, कर्ज, टपाल, दक्षिणा, वैद्यांना दिलेली इनामे ह्यांत राज्याचे खरे चरित्र दिसले. रानडे स्वतः न्यायाधीश होते आणि सरकारी वित्तसमितीवरही त्यांनी काम केले होते. जमाखर्च वाचण्याची सवय असलेल्या माणसाला किर्द रुक्ष वाटत नाही. पुढील काळात अ. रा. कुलकर्णी, हिरोशी फुकाझावा, हिरोयुकी कोतानी ह्यांनी गाव, वतन, बलुते, वेठ ह्यांविषयी जे लिहिले ते बहुतांशी ह्याच रुक्ष कागदांच्या बळावर.

अमेरिकन अभिलेखतज्ज्ञ शेलेनबर्ग ह्याने १९५६ साली अभिलेखांच्या दोन मूल्यांची मांडणी केली : कागद ज्या कामासाठी जन्मला त्या कामापुरते प्राथमिक मूल्य, आणि ते काम संपल्यावर इतरांना जाणवणारे दुय्यम मूल्य. त्यापूर्वी इंग्लंडात जेन्किन्सनने १९२२ मध्ये असा आग्रह धरला होता की कोणता कागद राखावा ही निवड अभिलेखपालाने करूच नये. ज्या कचेरीत तो जन्मला तिनेच ती करावी. पेशवे दप्तराचा अनुभव दोघांनाही थोडा अडचणीत आणतो. कचेरीवर सोपवावे तर दुसऱ्या बाजीरावाची कचेरी डोळ्यांपुढे येते. दुय्यम मूल्य ओळखावे तर ते कोणी ओळखावे? १८५२ सालच्या अधिकाऱ्याला जातींच्या इतिहासाचे मूल्य दिसले नसते, आणि १९३० सालच्या संपादकाला भावांच्या चढउताराचे दिसले नाही. दुय्यम मूल्य कधीच एक नसते. प्रत्येक पिढी ते नव्याने ठरविते.

नाशाची गोष्ट निघाली की इंग्लंडमधील १८३४ चा प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. तेथील खजिन्यात शतकानुशतके लाकडी पट्ट्यांवर हिशेब ठेवीत. हेझलच्या काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडावयाच्या, काठी उभी चिरावयाची, एक फाक खजिन्याकडे व दुसरी पैसे भरणाऱ्याकडे. तपासणीच्या वेळी दोन्ही फाका जुळल्या म्हणजे हिशेब खरा. निरक्षरालाही तपासता येईल असे हे लेखापरीक्षण होते. १८२६ मध्ये ही पद्धत अखेर बंद झाली आणि काठ्यांचे ढीग निरुपयोगी होऊन पडले. १८३४ च्या १६ ऑक्टोबरला ते लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळण्यात आले. भट्ट्या अतोनात तापल्या, आणि त्या रात्री पार्लमेंटची बहुतेक सर्व इमारत भस्मसात झाली. जुने हिशेब जाळताना राज्याचे सभागृह जळाले. हा प्रसंग डिकन्सने पुढे एका भाषणात उपहासासाठी वापरला. त्याचा रोख आंधळ्या परंपरेवर होता. अभिलेखांच्या अभ्यासकाला मात्र दुसरी खंत वाटते : त्या आगीतून वाचलेल्या थोड्या काठ्या आज संग्रहालयांत जपल्या जातात.

हिंदुस्थानातही अभिलेखागाराची कल्पना पहिल्याने मांडली ती इतिहासकाराने नव्हे, लेखापरीक्षकाने. १८६० साली सॅण्डमन नावाच्या मुलकी लेखापरीक्षकाने अहवालात असे सुचविले की कचेऱ्यांतील दाटी कमी करण्यासाठी नित्याचे कागद नष्ट करावेत आणि मोलाचे सर्व कागद एका मोठ्या मध्यवर्ती अभिलेखागारात न्यावेत. त्याच वर्षीच्या १६ नोव्हेंबरला एडमंड ड्रमंड हा पहिला महालेखापरीक्षक अधिकारावर आला. जपणूक आणि नाश ह्या दोन कल्पना एका वाक्यात जुळ्या जन्मल्या. त्यांपैकी नाशाला इमारत लागत नाही, म्हणून तो लगेच सुरू करता येतो. जपणुकीला एकतीस वर्षे थांबावे लागले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक फॉरेस्ट ह्यांच्या कामानंतर १८९१ च्या ११ मार्चला कलकत्त्यास इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट स्थापन झाले. आजचे राष्ट्रीय अभिलेखागार ते हेच. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने १८९२ पूर्वीचा कोणताही कागद, तो वापरण्यापलीकडे जीर्ण झाला असल्यावाचून, नष्ट करण्यास मनाई केली आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००५ सालचा.

कायद्याने तारखेची रेघ ओढली, पण तारीख वाचता आली पाहिजे. मराठी हिशेबांत वर्ष शुहूर सनाचे असते, आणि ते अरबी संख्याशब्दांत लिहिलेले असते : इसन्ने, सलास, अर्बा, खमस. महिना मुसलमानी, आणि तिथीच्या जागी 'छ', म्हणजे चंद्र. त्यावर सारे मोडीत. मोडी शाळा-कचेऱ्यांतून गेली ती विसाव्या शतकाच्या मध्यास. ज्या कारकुनाला 'छ' म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याला हातातला कागद १८९२ पूर्वीचा की नंतरचा हे कसे कळावे? नाशाच्या यादीत विषयाचा रकाना असतो. न वाचता येणाऱ्या कागदाचा विषय लिहिता येत नाही, आणि 'संकीर्ण, जुने, जीर्ण' अशा शब्दांनी तो रकाना भरला जाण्याचा धोका उघड आहे. मोडी जाणणाऱ्यांच्या तोकड्या संख्येचा विचार नेहमी इतिहाससंशोधनाच्या संदर्भात होतो. खरे तर तो प्रथम निंदणीच्या संदर्भात व्हावयास हवा. संशोधक उद्याही येऊ शकतो.

मराठी हिशेबांची ही कथा महाराष्ट्राच्या सीमेशी थांबत नाही. बंगळूर १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. सुमारे अर्धशतकानंतर मोगलांनी ते जिंकून म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाखांना दिले. म्हैसूरच्या कारभारात पुढेही कन्नडाबरोबर मराठी वापरात होती. बंगळुरातील तांबड्या रंगाची जी जुनी सचिवालयाची इमारत आज उच्च न्यायालय म्हणून ओळखली जाते, तिचे नाव 'अठारा कचेरी'. अठरा खात्यांची ही कल्पना चिक्कदेवराजाच्या कारभारापर्यंत मागे जाते.

म्हैसूरकडील जुन्या हिशेबाचे साहित्य मात्र मराठी कागदाहून अगदी निराळे होते. मार्क विल्क्स हा म्हैसूरचा रेसिडेंट. त्याने १८१० पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात 'कडत' ह्या वस्तूचे वर्णन केले आहे. आठ इंच ते एक फूट रुंद आणि बारा ते अठरा फूट लांब सुती कापडाची पट्टी घ्यावयाची, तिला दोन्ही बाजूंनी खळ आणि कोळशाची पूड ह्यांचा लेप द्यावयाचा, वाळल्यावर सारख्या पानांच्या घड्या घालावयाच्या, आणि बळपाने, म्हणजे मऊ दगडाच्या लेखणीने, त्यावर लिहावयाचे. पाटीवरच्याप्रमाणे अक्षर पुसता येई आणि पुन्हा लिहिता येई. व्यापारी आपले हिशेब ह्यावर ठेवीत, आणि सार्वजनिक नोंदींसाठीही त्याचा उपयोग होत असे. पुसता येणाऱ्या वस्तूवर सरकारी हिशेब कसा ठेवावा असे आजच्या वाचकाला वाटेल. दरखदारांची रचना ज्याने पाहिली त्याला ह्यात कोडे नाही. नोंदीची खात्री साहित्यात नसते, ती दुसऱ्या हाताने दुसऱ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीत असते.

शब्दांचा प्रवासही येथे पाहण्याजोगा आहे. मराठीतील 'दप्तर' फारसीतून आले आणि त्याचे मूळ ग्रीकमधील चामड्याच्या नावाशी पोचते; आता ते मुलाच्या पाठीवर आहे. 'कडत' कन्नडात राहिला, आणि आजच्या कन्नड कचेरीत फाइलीला तोच शब्द चालतो. लेप दिलेले काळे कापड गेले, पुसता येण्याचा गुण मात्र संगणकाच्या रूपाने कडताकडे परत आला आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने संगणकीय नोंद जपावयाची तर ती पुढेही वाचता आली पाहिजे, मूळ रूपात किंवा मुळाशी इमान राखणाऱ्या रूपात असली पाहिजे, आणि ती कोठून, कोठे व केव्हा गेली ह्याचा तपशील तिच्यासोबत टिकला पाहिजे, अशा अटी घातल्या आहेत. अठराव्या शतकातील फडणीस त्या अटी ऐकून चकित झाला नसता. तारीख घालणे हे त्याचेच काम होते.

मारतहळ्ळी हे बंगळूर पूर्व तालुक्यातील एकेकाळचे खेडे. आज तेथे बाह्यवर्तुळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना संगणक कंपन्यांच्या इमारती आहेत, आणि पश्चिमेकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा जुना विमानतळ. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४० साली म्हैसूर सरकारच्या साहाय्याने काढलेला हा कारखाना पुढे सरकारी झाला, आणि त्याचे हिशेब नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या कक्षेत आले. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे कंपनीने हिशेबाच्या वह्या निदान आठ वर्षे ठेवावयाच्या असतात. विमान त्याहून पुष्कळ अधिक काळ उडते, आणि त्याच्या खर्चाविषयी प्रश्न उडणे थांबल्यावरही विचारता येतात. आठ वर्षांचा हिशेब भागधारकाला आणि करवसुलीला पुरतो, राष्ट्राला पुरतोच असे नाही.

ह्या गावाच्या नावाविषयी लोकांत अनेक गोष्टी चालतात. कोणी ते मराठ्यांशी जोडतो. कोणी सांगतो की कारखान्याचे 'मरुत' नावाचे विमान येथे कोसळले, म्हणून हे नाव. मराठी माणसाला पहिली गोष्ट गोड वाटणे स्वाभाविक आहे, परंतु गोडव्याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. दुसरीची परीक्षा तर फारच सोपी आहे. मरुत विमान प्रथम उडाले ते १९६१ च्या जूनमध्ये. त्यापूर्वीच्या कोणत्याही सारावहीत, पाहणीपत्रकात किंवा इनामाच्या नोंदीत गावाचे नाव हेच आढळले की विमानाची गोष्ट संपली. आणि ते नाव कोणत्या अक्षरांनी लिहिले आहे ह्यावरून पहिल्या गोष्टीचाही थोडाफार निकाल लागेल. साऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्या शानभोगाला व्युत्पत्तीशी काही कर्तव्य नव्हते. त्याने सारा कोणाकडून किती आला तेवढे लिहिले.

कर्नाटकात जमिनीच्या ह्या नोंदीला 'पहणी' म्हणतात. मराठी 'पाहणी'शी तिचे नाते सांगावयास नको. २००१ च्या सुमारास 'भूमी' योजनेखाली राज्यातील पहण्या संगणकात भरण्यात आल्या आणि हस्तलिखित पहणीचे कायदेशीर बळ काढून घेण्यात आले. शेतकऱ्याला त्याने सोय झाली, गावच्या हिशेबनिसाच्या मर्जीतून तो सुटला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र हस्तलिखित वह्यांची स्थिती त्यामुळे विलक्षण झाली. व्यवहाराला त्या चालत नाहीत. त्यांतील साऱ्याची वसुली आणि तपासणी केव्हाच झालेली आहे. तक्ता हाती घेऊन निंदणीला बसलेल्या माणसाला त्या तणासारख्या दिसल्या तर त्याचा दोष नाही. पण भरताना एखादे नाव चुकले, एखाद्या गुंठ्याचा आकडा सरकला, तर ते दाखविणारी दुसरी फाक तीच वही आहे. मारतहळ्ळीसारख्या गावात, जेथे शेताच्या बांधावर आता बहुमजली इमारत उभी आहे, त्या एका सरकलेल्या आकड्याची किंमत किती होईल हे तेथील जमिनीचे भाव जाणणाऱ्याला सांगावे लागणार नाही. आणि गावाच्या नावाचा निकालही त्याच वह्यांच्या मागच्या पिढीत, डोक्यावरच्या पहिल्या ओळीत, जेथे कारकून तालुका, होबळी आणि गाव लिहीत असे, तेथे शोधावा लागेल.